मोगलीचा संच मागवण्याआधी आवाज तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ जर्मनीत असतो, त्याला तिथे मोगलीच्या जुन्या मालिकेचा डीव्हीडी संच दिसलाय, तुम्हाला लेकीला आपल्या लहानपणीचा मोगली दाखवायचाय, तर तो मागवावा का आणि त्यात हिंदी मिळेल का. हिंदी मिळणार नाही. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो.

ही मालिका मुळात जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९-९० मध्ये केलेली, एकूण ५२ भागांची. आपल्याकडे ती १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी आली आणि आली ती नवा आवाज घेऊन. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. यातलं काहीच मूळ जपानी मालिकेत नाही. जर्मन मुलांनी तीच चित्रं जर्मनमधून पाहिली, जपानी मुलांनी जपानीतून. आपण 'मोगली' म्हटल्यावर कानात जे वाजतं, ते फक्त भारतात तयार झालं.

डिस्कवर ते का येत नाही, तेही सांगतो. अशा मालिकेचं चित्र एकीकडे असतं, पार्श्वसंगीत आणि संवाद सोडून बाकीच्या आवाजांचा ट्रॅक वेगळा, आणि प्रत्येक भाषेतले संवाद आणखी वेगळे. परदेशातली डिस्क कंपनी आपल्या बाजारापुरते हक्क घेते आणि आपल्याच भाषेचा ट्रॅक त्यावर चढवते. हिंदी डबिंगचे आणि गाण्याचे हक्क शोधत बसण्याचं तिला काही कारण नसतं. म्हणून भावाला एवढंच सांगा, की संचाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. तिथे 'श्प्राखन' (Sprachen) म्हणजे भाषा, अशी एक ओळ असते. त्या ओळीत जे लिहिलंय तेवढंच आत मिळेल.

तरीही संच आवडला तर मागवायला माझी ना नाही. चित्र म्हणून ही मालिका फार सुंदर आहे, आणि लेक सहा-सात वर्षांची असेल तर तुम्ही शेजारी बसून मराठीत गोष्ट सांगत पाहू शकता. माझ्या भाचीने अर्धी मालिका अशीच पाहिली. तांत्रिक अडचण एकच. कुठली डीव्हीडी कुठे चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. जर्मनीची डीव्हीडी विभाग २ ची, आपला भारत विभाग ५ मध्ये. जर्मनी आणि भारत दोन्हीकडे टीव्हीच्या चित्राची 'पाल' (PAL) हीच पद्धत असल्यामुळे चित्राचा प्रश्न येत नाही, पण प्लेअर एकाच विभागाला बांधलेला, म्हणजे कुलूप लावलेला असेल तर डिस्क चालणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच प्लेअरमध्ये हे कुलूप नसतं किंवा रिमोटवरून काढता येतं. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा विभाग मात्र पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. तिथे गंमत म्हणून बदलून बघू नका.

'हिंदीसकट पूर्ण ५२ भाग' असं सांगून विकल्या जाणाऱ्या संचांपासून दूर राहा. मी असा एक घेतला होता. सुंदर खोका, आत दोन डिस्क. उलटून पाहिल्या तर खालची बाजू जांभळी. कारखान्यात छापलेली डिस्क चांदीसारखी दिसते, घरी कॉम्प्युटरवर उतरवलेली (बर्न केलेली) जांभळट. लावल्यावर कोपऱ्यात एका वाहिनीचं चिन्ह, दोन भाग दोनदा आणि शेवटचे सहा भाग गायब. पैसे परत मिळाले नाहीत.

हे विकत घेण्याआधी साध्या हिशेबानेही कळतं. एक भाग साधारण २३ मिनिटांचा धरा. चांगलं चित्र हवं तर ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर दोन तास, म्हणजे पाच भाग बसतात. दुहेरी थराची ८.५ जीबीची असेल तर नऊ-दहा. ५२ भाग दोन डिस्कमध्ये कोंबले, तर एका डिस्कवर दहा तास झाले. मग जंगलातली हलणारी पानं चौकोनी ठोकळ्यांसारखी दिसतात. व्हीसीडी असेल तर एका डिस्कमध्ये जेमतेम ७४ ते ८० मिनिटं, म्हणजे तीन भाग. पूर्ण मालिकेला १८ व्हीसीडी लागतील. खोक्यावरचा भागांचा आकडा आणि डिस्कची संख्या जुळत नसेल तर आत काहीतरी गडबड आहे, मग किंमत कितीही कमी असो.

अधिकृत संचही पूर्ण असतो असं धरून चालू नका. डिस्नेच्या 'डकटेल्स' या कार्टून मालिकेचे १०० भाग. अमेरिकेत २००५ ते २००७ मध्ये तीन संच आले, त्यात ७५ भाग, आणि उरलेल्या २५ साठी लोकांना दहा वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. शिवाय ते विभाग १ चे आणि एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचे, हिंदी नाहीच.

भारतात निघालेल्या डिस्कचं म्हणाल तर २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा मुलांच्या डिस्क अगदी स्टेशनरीच्या दुकानात दोरीला लटकलेल्या असायच्या. पंचतंत्र, बडबडगीतं, तेनालीराम. मराठीतल्याही होत्या. त्या टीव्ही मालिका नव्हत्या, पण लेकीला मराठीतून काही दाखवायचं असेल तर त्या जरूर शोधा. पुढे 'छोटा भीम'च्या डिस्क निघाल्या, त्यात निवडक भाग असायचे. आता रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात या सगळ्या मिळतात.

जुनी डिस्क घेताना ट्यूबलाइटसमोर धरून बघा. लेबलच्या बाजूने सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर आतला चकाकता थर उडालेला आहे, घेऊ नका. व्हीसीडीत हे लवकर होतं, कारण तिचा धातूचा थर लेबलच्या अगदी खाली असतो. बॉलपेनने जोरात नाव लिहिलं तरी ती खराब होऊ शकते. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो. खालच्या बाजूचे हलके चरे तेवढे घातक नाहीत. पुसताना मधून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नको.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. तुम्हाला तो हिंदी आवाज हवा असेल तर तो दुकानापेक्षा कुणाच्या तरी माळ्यावर सापडण्याची शक्यता जास्त आहे. एप्रिल २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, पण तेव्हा विकत घेता येईल असं हातात काही आलं नाही. १९९३ मध्ये मात्र व्हीसीआर असलेल्या घरात रविवारी रेकॉर्डिंग व्हायचं. १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सहा रविवार बसायचे, जाहिरातींसकट. आईवडिलांना, मामाला, शेजारच्या काकूंना विचारा. लेबलवर 'लग्न' लिहिलेलं असलं तरी कॅसेट पूर्ण बघा, आमच्याकडे मुंजीच्या चित्रीकरणानंतर पुढे दीड भाग मोगली होता. ते गाणं त्या खरखरीतून सुरू झालं तेव्हा मी आणि माझी बहीण दोघंही काही बोललो नाही.

कॅसेट सापडली तर लगेच व्हीसीआरमध्ये घालू नका. कोकणात, मुंबईत पावसाळ्याने कॅसेटला बुरशी धरते. बाजूचं छोटं बटण दाबून पुढची झडप उघडा आणि खिडकीतून फितीची कड बघा. पांढरे ठिपके किंवा जाळीसारखे धागे दिसले, कुबट वास आला, तर ती वेगळी ठेवा. तशीच चालवली तर हेड, म्हणजे व्हीसीआरमधला फीत वाचणारा भाग, खराब होऊ शकतो आणि पुढच्या कॅसेटनाही बुरशी लागू शकते. ती साफ करून देणारा माणूस शोधा. फीत स्वच्छ असेल तर कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळा, आणि पहिल्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची, मध्ये व्हीसीआर आणि कॉम्प्युटर जोडणारी युएसबीची कॅप्चर डबी. जाहिराती कापू नका, त्याही ठेवा. फाइल दोन ठिकाणी ठेवा, आणि घरच्यांपुरतीच, विकायला नको.

फितीची कड दिसेल असा एक फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथे टाका. ती चालवण्याजोगी आहे का, ते बघून सांगतो.