स्कॅनर घ्या, प्रिंटर लॅबकडेच राहू द्या

निपाणीच्या एका बालदंतरोगतज्ज्ञांचे पत्र आले आहे. तोंडात फिरवून दातांचे माप घेणारा स्कॅनर (७.५ लाख) आणि रेझिनचा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकचा) थ्रीडी प्रिंटर, छापलेली वस्तू धुण्याच्या आणि पक्की करण्याच्या यंत्रांसह (४.५ लाख), असे १२ लाखांचे कोटेशन त्यांच्या हातात आहे. सध्या डेंटल लॅबला महिन्याला मुलांच्या तोंडात बसवायच्या साधारण १६ उपकरणांचे २४,००० रुपये जातात. ११ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण २६,१०० बसतो. ‘लॅबचे बिल वाचले की हप्ता जवळजवळ फिटतो, मग पूर्ण कर्ज काढू की ६ लाखांची एफडी मोडू?’ असे त्यांनी विचारले आहे.

डॉक्टर, हिशेब लॅबच्या बिलापाशीच अडतो. प्रिंटर आला म्हणून ते २४,००० वाचणार नाहीत. तुम्हीच लिहिलेली फोड पाहा: १६ पैकी ९ उपकरणे बँड अँड लूप किंवा लिंग्वल आर्च, म्हणजे पडलेल्या दाताची जागा राखणारे धातूचे स्पेस मेंटेनर. ४ तारेच्या क्लॅस्पच्या (पकडीच्या) काढघाल प्लेटा आणि ३ नाइटगार्ड, म्हणजे झोपेत दात खाणाऱ्या मुलांसाठीची आवरणे. क्लिनिकमधला रेझिन प्रिंटर धातू छापत नाही. कोबाल्ट-क्रोमचा स्पेस मेंटेनर छापायला लेझरने धातूची पूड वितळवणारे यंत्र लागते, ते मोठ्या लॅबकडेच असते. तुमच्याकडे पूर्ण छापून निघतील ते ३ नाइटगार्ड. बाकीच्यांसाठी दातांच्या प्रतिकृती (मॉडेल्स) छापता येतील, पण तार वाकवायला आणि सोल्डरिंगला काम लॅबकडेच जाणार. नाइटगार्डचे ४,५०० आणि मॉडेल्सपोटी कमी होणारे थोडे धरून सात हजारांच्या पुढे बचत मला दिसत नाही. त्यातून रेझिन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साफसफाईत जाणारा असिस्टंटचा वेळ वजा करा. एकट्या प्रिंटरचा हप्ता मात्र ९,८०० च्या घरात आहे. शिवाय मुलाच्या तोंडात जाणारे रेझिन त्यासाठीच मान्यता मिळालेले लागते, त्यामुळे तिथे स्वस्तातले चालत नाही.

स्कॅनरचे तसे नाही, आणि इथे मी केवळ पैशाच्या हिशेबावर थांबणार नाही. माप घ्यायच्या अल्जिनेटच्या लगद्याचा ट्रे तोंडात गेल्यावर ओकारी येणारे सहा वर्षांचे पोर तुम्ही रोज पाहता. माप बिघडले की आईला पुन्हा यावे लागते, आणि विड्या वळणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. ती दुसऱ्यांदा आलीच नाही, तर दुधाची दाढ पडलेली जागा शेजारचा दात सरकून बंद होऊ लागते आणि पुढे तारांच्या उपचारावर कितीतरी जास्त पैसे जातात. स्कॅनमध्ये राहिलेला भाग तिथल्या तिथे पुन्हा टिपता येतो. फाइल कोल्हापूरच्या लॅबला पोहोचायला पार्सल लागत नाही.

तरीही स्कॅनर आपसूक फिटणार नाही. एफडीतून १.५ लाख मार्जिन (स्वतःचा वाटा) घाला आणि ६ लाख कर्ज घ्या. हप्ता सुमारे १३,०५० येईल. अल्जिनेट, प्लॅस्टर आणि पार्सलचे तुमच्या हिशेबाने ३,५०० वाचतात. फी सरासरी ३०० ने वाढवली तर ४,८०० येतात (ज्यांना झेपणार नाही त्यांच्याकडून घेऊ नका, बाकीच्यांवर ते थोडे जास्त बसू द्या). उरले पावणेपाच हजार. खर्च वजा जाता एका उपकरणामागे तुम्हाला साधारण १,६०० उरतात, म्हणजे महिन्याला तीन केस वाढायला हव्यात. निपाणीच्या आसपासची गावे पाहता हे मला अशक्य वाटत नाही.

एफडीतले उरलेले ४.५ लाख मात्र हलवू नका. घर आणि क्लिनिकचा महिन्याचा खर्च तुम्ही १.१ लाख लिहिला आहे. हप्ता धरला तर ही साडेतीन महिन्यांची सोय आहे, तीही कमीच. तुमच्याकडचे बरेच पालक ऊसबिल जमा झाल्यावर पैसे देतात. कारखान्याचे बिल रखडले की तुमची जमा रखडते, बँकेचा हप्ता रखडत नाही.

विक्रेत्याने सांगितलेली करबचतही बाजूला ठेवा. तुम्ही ४४एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या करयोजनेखाली जमेच्या निम्मे उत्पन्न दाखवता. त्या योजनेत घसारा आधीच धरलेला असतो, यंत्राचा वेगळा मिळत नाही. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नसल्याने खरेदीवर भरलेला जीएसटीही परत मिळत नाही. कोटेशनमधली करासह रक्कम हीच तुमची खरी किंमत.

सही करण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. फाइल कुठल्याही लॅबला चालणाऱ्या एसटीएल स्वरूपात निघते का, सॉफ्टवेअरची वार्षिक फी किती, लहान तोंडासाठी स्कॅनरची छोटी टिप (तोंडात जाणारे टोक) मिळते का आणि बिघाड झाल्यास बदली यंत्र किती दिवसांत येते. वार्षिक फी निघाली तर तिचा बारावा भाग वरच्या हप्त्यात मिळवा आणि वाढायला हव्या त्या केस पुन्हा मोजा. त्या पाचच्या वर गेल्या तर हा स्कॅनर सोडून दुसरा बघा. डेमो यंत्र मिळत असेल तर तुमच्याच खुर्चीवर, रडणाऱ्या मुलावर चालवून पाहा.