गोदामाचं भाडं आणि चिरंजीवांची दीक्षा

नमस्कार,

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतून आलेलं तुमचं चार पानी पत्र सावकाश वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घरचा धान्याचा घाऊक व्यापार. मुलगा वीस वर्षांचा, बारावीला ७१ टक्के, सीए फाउंडेशनला दोनदा नापास, सध्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या दिवाळीपासून तो एका मठात पहाटेच्या सेवेला जातोय आणि आता अपरिग्रहाची, म्हणजे स्वतःचं काहीही न बाळगण्याची, दीक्षा घेऊन तिथंच पूर्णवेळ राहायचं म्हणतोय. आईनं जेवण सोडून पाहिलं, मामांनी समजूत घातली. शेवटी तुम्ही तोडगा काढलात : आधी सीए हो, मग खुशाल दीक्षा घे. चौथ्या पानाच्या तळाशी मुख्य प्रश्न आहे. मेव्हणे म्हणतात संन्याशाला इन्कम टॅक्स नसतो, तर मार्केट यार्डाजवळची दोन गोदामं मुलाच्या नावावर केली तर महिन्याचं ९०,००० रुपये भाडं करमुक्त होईल का?

मला काळजी त्याच्या नापास होण्याची वाटली नाही. दीक्षेचीही नाही. चार पानांत तुमचा मुलगा फक्त एकदा बोलतो : ‘तिथं बरं वाटतं म्हणतो.’ बाकी सगळीकडं तुम्ही, आई, मामा, आजोबांची पेढी आणि ‘लोक काय म्हणतील’. तिथं बरं वाटतं म्हणजे नेमकं काय वाटतं, हे कुणी विचारल्याचा उल्लेख नाही. पहाटे चारला उठून जो मुलगा स्वयंपाकघरात शंभर जणांची भांडी घासतो असं तुम्ही स्वतःच लिहिलंय, तोच घरी नऊपर्यंत झोपायचा असंही लिहिलंय. ही दोन वाक्यं एकमेकांखाली आहेत आणि त्यावर तुमची प्रतिक्रिया काय, तर ‘दुकानात कधी एवढं काम केलं नाही.’

आता तुमची अट बघा. ज्या परीक्षेत तो दोनदा पडला, तीच तुम्ही मठाच्या दाराशी आणून ठेवलीत. तुमच्या दृष्टीनं तो समजूतदारपणा. त्याला मात्र ती न संपणारी शिक्षा वाटत असणार, कारण सीए कधी पूर्ण होईल हे हुशार मुलांनाही सांगता येत नाही. आणि खरं बोलायचं तर तुम्हालाही तेच हवंय. सीए होईतो पंचविशी उलटेल, तोवर खूळ उतरेल, मुलगी बघता येईल. पोरं एवढी भोळी नसतात. ‘परवानगी आहे, पण’ या वाक्यातला ‘पण’ त्यांना बरोबर कळतो.

या अटीनं आणखी एक घोटाळा केलाय. तो मठाकडं ओढला जातोय की सीएपासून पळतोय, हे आज तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. बहुधा त्यालाही नसेल. जोवर सीएची टांगती तलवार आहे तोवर ते कळणारही नाही. माझ्याकडं येणाऱ्या मुलांत सैन्यात जायचं, मुंबईला जायचं, सिनेमात जायचं म्हणणारी पुष्कळ असतात. नावडता क्लास बंद झाला की त्यातल्या बऱ्याच जणांचा हट्ट आपोआप ओसरतो. काहींचा ओसरत नाही. ते खरे. तुमचा कुठला, हे बघायचं असेल तर सीए हा शब्द घरात वर्षभर उच्चारू नका. बी.कॉम. मात्र पूर्ण होऊ दे, नियमित जमत नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून. पुढं कधी स्वतःहून सीए करावंसं वाटलंच, तर ५५ टक्क्यांनी बी.कॉम. झालेल्याला फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला बसता येतं. परीक्षांचं एवढं पुरे.

मेव्हण्यांच्या सल्ल्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण हा गैरसमज कोल्हापुरात मी बऱ्याच शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलाय. कायद्यात करसवलत आहे ती नोंदणीकृत धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेच्या उत्पन्नाला, आणि तीही उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च करण्याच्या अटीवर. संस्थेत राहणाऱ्या माणसाला, त्यानं दीक्षा घेतली म्हणून, स्वतःच्या उत्पन्नावर सूट नाही. या प्रश्नाचा कीस ख्रिस्ती धर्मभगिनी आणि धर्मगुरूंच्या खटल्यांत निघालाय. तमिळनाडू-केरळमधल्या अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या या मंडळींनी दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं, पगार ते आपल्या धर्मसंघाकडं सोपवतात. त्यांचं म्हणणं असं की व्रत घेतल्यावर आमचा नागरी मृत्यू झाला, म्हणजे कायद्याच्या लेखी आम्ही उरलोच नाही, पैसा आमचा नाहीच, तर टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कशाचा? आधाराला १९४४ आणि १९७७ ची सरकारी परिपत्रकं होती आणि वर्षानुवर्षं टीडीएस कापलाही जात नव्हता. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, पण २०१९ मध्ये खंडपीठानं तो फिरवला. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची अपिलं फेटाळली. मुद्दा असा : पगार आधी त्या व्यक्तीच्या नावानं जमा होतो, मग ती तो देऊन टाकते. मिळाल्यावर दिलेला पैसा हा मिळालेलाच पैसा. हातात येण्याआधीच कायद्यानं दुसऱ्याचा झालेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि हा फरक सर्वोच्च न्यायालयानं १९६० सालीच सीतलदास तीरथदास खटल्यात स्पष्ट केला होता. ज्यांनी मनापासून सगळं सोडलं त्यांना ही सवलत मिळाली नाही. तुमच्या गोदामांना ती कुठून मिळणार?

आता गंमत ऐका. तुमचं वर्षाचं भाडं होतं १०,८०,०००. त्यातून ३० टक्के ठरावीक वजावट गेली की उरतात ७,५६,०००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मुलाचं दुसरं उत्पन्न नसेल तर त्याच्या नावावर हे भाडं आजही करमुक्तच ठरेल, त्यानं दीक्षा घेतली काय किंवा पन्हाळ्याला हॉटेल काढलं काय. सज्ञान मुलाला बक्षीसपत्र करून दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न मुलाचंच धरतात. त्यासाठी संन्यास लागत नाही.

पण मग गोदामं खरोखर त्याची होतात. ‘नावावर त्याच्या, भाडं मात्र आमच्या खात्यात’ ही तुमच्या पत्रातली व्यवस्था चालणार नाही. परत घेण्याची सोय ठेवून दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्याच माथी येतं. आणि समजा, सचोटीनं दिलीत. अपरिग्रहाची दीक्षा घेणारा मुलगा दोन गोदामांचं काय करील? मठाला देऊन टाकील. मेव्हण्यांनी याचा विचार केलाय का? आपल्या जुन्या हिंदू कायद्यात विधिपूर्वक संन्यास घेतलेल्याचा जन्मघराशी संबंध तुटतो, घरच्या मिळकतीत त्याला वारसा उरत नाही. नुसती भगवी वस्त्रं नेसून हे होत नाही, विधी व्हावे लागतात, असं न्यायालयांनी वारंवार म्हटलंय. तेव्हा तो घरातून जाणार आहे की तुमच्या मालमत्तेचा खातेदार होणार आहे, एक काहीतरी ठरवा. ज्या मुलाच्या दीक्षेला पहिल्या पानावर ‘खूळ’ म्हणता, तिच्यातून चौथ्या पानावर भाड्यावरचा कर वाचवायला निघता, हे त्याला कळलं तर तो तुमच्याबद्दल काय समजेल? माझा अंदाज, त्याला कळलेलं आहे. घरातल्या अशा गोष्टी जेवणाच्या ताटावर होतात.

तुम्ही बापमाणूस म्हणून विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळेच आहेत, आणि ते मठाला विचारायचे आहेत. पूर्णवेळ सेवकाला मानधन मिळतं की फक्त राहणं-जेवण? बहुतेक ठिकाणी सेवक हा नोकर नसतो, त्यामुळं पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. उद्या तो सीपीआर रुग्णालयात भरती झाला तर शेजारी कोण बसणार आणि बिल कोण भरणार? दीक्षेआधी उमेदवारीचा काळ किती? चाळिशीत मन बदललं तर परत येणाऱ्याला काय देतात? तिथून बाहेर पडलेला एखादा माणूस भेटवाल का? ज्या संस्थेला या शेवटच्या प्रश्नाचा राग येतो, तिथं मी माझा मुलगा पाठवणार नाही. संस्थेचा शेड्यूल वनचा (नोंदणीचा) उतारा आणि हिशेबाची पत्रकं धर्मादाय कार्यालयात अर्ज करून बघा. तुम्ही व्यापारी आहात, ताळेबंद वाचता येतो. ती तुमची विद्या इथं वापरा, करचुकवेगिरीत नको.

आणि त्याच्यासाठी काही करायचंच असेल तर दोन गोदामांऐवजी दोन साधी कामं करा. त्याच्या नावाचा आरोग्यविमा उतरवा आणि अटल पेन्शन योजनेत त्याचं खातं उघडा. विसाव्या वर्षी सुरू केलं तर साठीनंतर महिना ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी आज महिन्याला अडीचशेच्या आतच हप्ता बसतो. करदात्यांना ही योजना बंद आहे, त्याला सध्या नाही. त्याच्या व्रतात हे बसत नसेल तर तो नको म्हणेल. म्हणू दे.

यापुढचं पत्र तुम्ही लिहू नका. त्याला लिहू दे, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका. त्यात मठाबद्दल असो, दुकानाबद्दल असो किंवा तुमच्याबद्दल, मी उत्तर त्यालाच देईन. सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष यायचं असेल तर त्याला एकट्यालाच पाठवा. मामा नकोत.