तीन जणी जमल्या की डर्बी सुरू

गेल्या अंकात मी ऑफिस सुटल्यावर रोलर डर्बी खेळते एवढंच एका वाक्यात लिहिलं होतं, तर त्यावर एवढे मेसेज आले की हा महिनाभराचा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचा प्रश्न शब्दाला शब्द नसला तरी उत्तर सापडेल.

ताई, मी मोबाईलवर व्हिडिओ बघितला. पोरी स्केटवर एकमेकींना ढकलायलेत, मग एकजण मधूनच कमरेवर हात आपटती आणि सगळं थांबतं. बॉल नाही, गोल नाही, मग पॉइंट कशाचे?
— कॉलेजची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

बॉल नसतोच. दोन टीम, प्रत्येकीच्या पाच जणी ट्रॅकवर, ट्रॅक लांबट गोल आणि सगळ्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. पाचातल्या चौघी ब्लॉकर आणि एक जॅमर, तिच्या हेल्मेटच्या कव्हरवर चांदणी असते. कबड्डीत चढाईला गेलेली जशी सगळ्यांच्या तावडीतून निसटायला बघते तशी ही जॅमर समोरच्या चार ब्लॉकरमधून वाट काढते. पहिल्या वेळी बाहेर पडली की पॉइंट नाही, पण नियम न मोडता जी आधी बाहेर येते ती लीड जॅमर. मग अख्खी फेरी मारून परत त्या घोळक्यात शिरायचं आणि आता समोरच्यांच्या जेवढ्या ब्लॉकर मागे टाकशील तेवढे पॉइंट, म्हणजे एका फेरीत चार. या एका डावाला जॅम म्हणतात, तो जास्तीत जास्त २ मिनिटं चालतो, आणि ते कमरेवर हात आपटणं म्हणजे लीड जॅमर जॅम बंद करतीय, समोरची जॅमर पॉइंट काढायच्या आत. मग ३० सेकंद दम खायचा आणि पुढचा जॅम. असे ३० मिनिटांचे दोन हाफ.

आता तोच व्हिडिओ परत लाव आणि यावेळी जॅमरकडे बघूच नको. तिच्या पुढच्या तिघी बघ. दोघी कमरेला कमर लावून, पाठ जॅमरकडे, आणि तिसरी त्यांच्याकडे तोंड करून त्यांचे खांदे धरून उलटी स्केट करत असते. मागून येणारी जॅमर नीट दिसते ती फक्त हिलाच, म्हणून ती सारखी ओरडत असते, आत, आत, बाहेर! आणि त्या दोघी मागे वळून न बघता तिच्या आवाजावर सरकतात. मला विचारशील तर मॅच ही भिंत जिंकते, चांदणीवालीचं नाव होतं एवढंच.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तुमचं वाचून तिला स्केट पाहिजेत. तिचे बाबा म्हणतात दोन-तीन वर्षात लग्नाचं बघायचंय, हातपाय मोडून घरात बसली तर? मला तिला खेळू द्यावं वाटतं पण जीव घाबरतो. खरं काय ते सांगा.
— एक आई, विजापूर रोड

ताई, खरंच सांगते, लागतं. मांडीवर, दंडावर निळे डाग तर येतातच, आणि घोटा मोडणं, गुडघ्याचं लिगामेंट जाणं, डोक्याला मार बसणं हेही या खेळात होतं, ते लपवून मी तुम्हाला हो म्हणायला लावणार नाही. पण ही मोकाट मारामारी पण नव्हे हो. धक्का कशाने द्यायचा ते ठरलेलं आहे: खांदा, दंडाचा वरचा भाग, छाती, कंबर, मांडीचा वरचा भाग. कोपर, हात, डोकं वापरायचं नाही. समोरचीच्या पाठीवर, डोक्यावर किंवा अर्ध्या मांडीच्या खाली धक्का दिला की पेनल्टी, ३० सेकंद बाहेर बसायचं आणि तेवढा वेळ तुमची टीम एकीने कमी. एका मॅचमध्ये सात पेनल्टी झाल्या की घरी. त्यामुळे जी नुसती अंगावर जाते ती टीमलाच जड होते, आणि पोरी हे लवकर शिकतात.

त्याच्या आधी पडायला शिकवतात. पहिले कितीतरी दिवस कुणी कुणाला हातसुद्धा लावत नाही, नुसतं पडायचं आणि उठायचं. पडायचं ते पुढे, एका गुडघ्यावर, म्हणजे पॅडवर, अंग आकसून, आणि पडताना मूठ आवळायची, कारण पसरलेल्या बोटांवरून मागचीचं चाक जाऊ शकतं. मग तीन सेकंदांच्या आत, हात जमिनीला न टेकवता, उभं. हे तिला घरी पॅड घालून सतरंजीवर करायला सांगा, स्केटशिवाय, तुम्हीही शेजारी बसून बघा, अर्धी भीती तिथेच जाईल.

हेल्मेट, माऊथगार्ड, कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे पॅड, यातलं एकही कमी असेल तर त्या दिवशी खेळायचं नाही. माऊथगार्ड गरम पाण्यात टाकून दातात दाबून आपल्या मापाचा करून घेता येतो. आणि डोक्याला मार बसला, गरगरलं, उलटीसारखं झालं तर खेळ तिथेच बंद आणि डॉक्टर, "बरं वाटतंय की आता" हे तिचं ऐकायचं नाही.

लग्नाचं म्हणाल तर, गुडघ्यावरची खूण बघून जे स्थळ मागे फिरतं त्यांच्या घरी तिला देऊन करायचंय काय? तिच्या बाबांना एकदा प्रॅक्टिसला घेऊन या. मॅचला टायमर लागतो, गुण लिहायला माणूस लागतो, पेनल्टी बॉक्सवर घड्याळ घेऊन बसायला माणूस लागतो, अशी बिनस्केटची बरीच कामं असतात, आणि घड्याळ हातात आलं की वडील लोक फार मनापासून येतात असा माझा अनुभव आहे.

वय ३६, दोन बाळंतपणं झालीत, वजन ८४ किलो. शाळेत असताना कधी खेळात घेतलं नाही. माझ्यासारखीने यायचं का, की हसतील?
— शिक्षिका, होटगी रोड

यायचंच. आणि हसणार कोण, ८४ किलोची बाई कंबर खाली घेऊन घट्ट उभी राहिली की जॅमरला तिच्यापुढून वाट काढायला काय लागतं ते जॅमरलाच विचारा! बुटकी, उंच, हडकुळी, भरलेली, प्रत्येकीचं काहीतरी काम निघतं या खेळात, बुटकी खालून निसटते, उंच मुलगी एका पावलात लाईन अडवते. टीमच्या यादीत एका मॅचला पंधरा जणी असतात आणि त्या सगळ्या एका मापाच्या असल्या तर ती टीम कच्चीच. शाळेत तुम्हाला बाजूला बसवलं त्यांचं चुकलं, तुमचं काही नाही.

एकच, पाठ किंवा गुडघे आधीपासून दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून या आणि घरी आत्तापासून रोज खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून थांबायची सवय करा, आमचा सगळा खेळ त्याच पोझिशनमध्ये असतो. भिंतीला टेकू नका.

सोलापुरात खेळायचं कुठं? आणि उन्हाळ्यात काय करता?
— बरेच जण

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. पूर्ण ट्रॅक आणि भोवतीची मोकळी जागा धरून साधारण १०८ बाय ७५ फूट लागतात, बास्केटबॉलच्या कोर्टात ते मावत नाही, रुंदीला कमी पडतं. म्हणून नुसत्या हॉलची वाट बघत बसलात तर म्हातारपण येईल. सिमेंटचं गुळगुळीत पटांगण, बंद पडलेलं गोडाऊन, मंगल कार्यालयाचा हॉल लग्न नसलेल्या तिथीला, असं विचारत फिरायचं. कार्यालयवाले आधी नाही म्हणतात, फरशीवर चरे पडतील म्हणून. त्यांना चाक हातात द्या, ते युरेथेनचं असतं, नखाने दाबून बघू देत, मग विषय निघतो.

ट्रॅक आम्हीच आखतो, खडू आणि दोरीने. ३५ फुटांवर दोन खुणा, प्रत्येक खुणेपासून साडेबारा फुटांची दोरी फिरवली की आतली गोलाई तयार. बाहेरच्या गोलाईला साडेसव्वीस फूट, पण तिथे दोरीची खूण एक फूट बाजूला सरकवावी लागते, म्हणून ट्रॅक कुठे १३ फूट रुंद तर कुठे १५. एकीने दोरी धरायची, एकीने खडू, आणि तिसरीने हातात टेप घेऊन दोघींना ओरडायचं. मला हे काम खेळाइतकंच आवडतं, कारण दोरी उचलली की मघाशी नुसती फरशी होती तिथे ट्रॅक दिसायला लागतो.

उन्हाचं काय सांगू, एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर पारा, पत्र्याच्या शेडखाली हेल्मेट घालून कोण उभं राहणार. तेव्हा सकाळी सहाला, आठच्या आत संपवायचं, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक बरोबर. पॅड घरी आल्या आल्या उन्हात टाकायचे, बॅगेत बंद ठेवले तर दुसऱ्या दिवशी बॅग उघडवत नाही. धूळ बेअरिंगमध्ये जाते, बाहेर खेळत असाल तर बेअरिंग काढून पुसायला शिका, आणि बाहेरची चाकं मऊ घ्या, म्हणजे चाकावरचा कडकपणाचा आकडा ७८ए-च्या आसपास असलेली, कडक चाकाने आपल्या रस्त्यावरचे खडे थेट दातात जाणवतात.

माझ्याकडे लहानपणीचे एका रांगेत चार चाकांचे स्केट आहेत, चालतील?
— बाळे

ते इनलाइन. तोल, वळणं, दम, हे सगळं त्यावर शिकता येईल, पण डर्बी क्वाडवर खेळतात, पुढे दोन मागे दोन चाकं. पैसे थोडेच असतील तर आधी चांगले गुडघ्याचे पॅड घे, स्केट जुने मिळाले तरी चालतात.

मुलांना खेळता येतं का?
— पॉलिटेक्निकचा विद्यार्थी

येतं की. पुरुषांच्या टीमची मेन्स रोलर डर्बी असोसिएशन म्हणून वेगळी संघटना आहे. १९३५ मध्ये शिकागोला लिओ सेल्टझरने हे सुरू केलं तेव्हा ती शर्यत होती, बायका आणि पुरुष दोघंही असायचे. आज आपण खेळतो तो सपाट ट्रॅकवरचा खेळ अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या बायकांनी २००० नंतर उभा केला, २००४ मध्ये त्यांची संघटना सुरू झाली, आणि खेळणाऱ्यांनीच सगळं चालवायचं, वर्गणी काढायची, टेप चिकटवायची, झाडू मारायचा, ही पद्धत तिथून आली. तुला स्केटिंग येत असेल तर रेफरी हो, एका मॅचला सात जणांपर्यंत स्केटवरचे रेफरी लागतात आणि आमच्याकडे त्यांचाच तुटवडा आहे.

डर्बीचं नाव स्वतःच ठेवायचं असतं म्हणे. मी "कडक भाकरी" ठेवलं तर?
— नवी पेठ

ठेव! जर्सीच्या पाठीवर फार छान दिसेल.

आम्ही बार्शीत फक्त तिघी आहोत. अजून सात-आठ जणी मिळेपर्यंत थांबावं का?
— बार्शी

अजिबात थांबू नका. थांबलेले ग्रुप मी बघितलेत, ते थांबूनच संपतात. तिघींत भिंत होते, आणि ती शिकायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पहिला अर्धा तास पडणं-उठणं आणि थांबणं, कारण जिला थांबता येत नाही ती भिंतीत उपयोगाची नाही. मग दोघी कमरेला कमर, तिसरी तोंड करून, आणि ट्रॅकच्या आतल्या रेषेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत हळूहळू सरकायचं, मध्ये फट पडू न देता. आधी बोलून, मग न बोलता. उलटी स्केट करणारी दर फेरीला बदला नाहीतर दोघींना ते कधीच येणार नाही. आणि चौथी आली, कुणाची बहीण असो, शेजारीण असो, तिला पडता-उठता-थांबता आलं की हेल्मेटवर चांदणी लावून जॅमर करा आणि दर दोन मिनिटांनी जागा बदलत राहा.