फक्त ग्राफिक नॉव्हेल वाचणाऱ्या मुलीला 'खऱ्या' पुस्तकांकडे कसं वळवायचं?

तुमच्या प्रश्नातला 'खऱ्या' हा शब्द टोचला म्हणून लिहितोय. (ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चौकटींतल्या चित्रांतून आणि फुग्यांतल्या संवादांतून सांगितलेलं पुस्तक.)

आमच्या दादाचाही हाच शब्द. वर्षाअखेरी आम्ही दोघं आपापली वाचलेली पुस्तकं मोजतो. एका वर्षी माझी २१ भरली, त्याची १८. त्यानं माझी यादी ओढून घेतली आणि चार नावांवर काट मारली. "चित्रांची पुस्तकं धरायची नाहीत." झाला तो विजयी.

खोडलेल्यांत आर्ट स्पीगलमनचं 'माउस' होतं. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला ज्यू बाप मुलाला, म्हणजे खुद्द स्पीगलमनला, आपली खरी हकिगत सांगतो. ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं. १९९२ साली याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालाय म्हटल्यावर दादानं ते नेलं आणि दुसऱ्या दिवशी आणून आदळलं. "दोन तासांत उडवलं. वाचायला आहे काय यात?"

मी विचारलं, बाप पोलिश असल्याचं सोंग घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या तोंडावर काय असतं? आठवेना. डुकराचा मुखवटा असतो, त्याची मागे बांधलेली दोरीसुद्धा दिसते. हे शब्दांत कुठेही सांगितलेलं नाही. दुसऱ्या भागात खुद्द लेखक उंदराचा मुखवटा लावून चित्रं काढायला बसलाय आणि पायाशी प्रेतांचा ढीग. तोही याला दिसला नव्हता. पठ्ठ्यानं फुग्यांतली अक्षरं तेवढी वाचली होती! तोंडावर सांगितलं, तर म्हणे, "यादी बदलणार नाही."

यादीवरून भांडणारा मी पहिला नाही. १९९१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच दुसऱ्या भागाला खपाच्या यादीत कथा-कादंबऱ्यांमध्ये बसवलं, तेव्हा स्पीगलमननं पत्र लिहून तो तिथून खऱ्या हकिगतींच्या यादीत हलवायला लावला होता.

तर मुलीला वळवूबिळवू नका. तिचं एखादं पुस्तक आधी तुम्ही वाचा आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडून गेलं ते तिला विचारा. फोनवर मात्र नको, समोरासमोरची दोन्ही पानं एकदम दिसायला हवीत. हां, सुपरहीरोंचे जुने अंक एकत्र बांधून वर 'ग्राफिक नॉव्हेल' छापलेला मालही पुष्कळ असतो, आणि त्यातला बराचसा मलाही वाचवत नाही. पण टुकार कादंबऱ्या काय कमी आहेत? त्या दादाच्या १८ मध्ये बिनबोभाट धरल्या जातात.

दादा, हे वाचत असशील तर: २१.