वर्षभराच्या विश्वासाचा आढावा पहिल्यांदाच घेताय?

आधी बायबलमधल्या स्तोत्र 139 मधली शेवटची दोन वचनं (23 आणि 24) सावकाश वाचा. देवानेच आपलं अंतःकरण पारखावं, अशी ती विनंती आहे. ती न करता बसलात, तर आढाव्याचा स्वतःवरचा खटला होतो.

मग एक वही आणि महिन्याला एक अशी बारा पानं. प्रत्येक पानावर दोनच ओळी:
- देव कुठे जवळ जाणवला
- मी कुठे पाठ फिरवली

नवखी माणसं हमखास मोजत बसतात: किती अध्याय वाचले, किती रविवार चुकले. वाढ तिथे दिसत नाही हो! गलतीकरांस पत्रात (5:22-23) आत्म्याच्या फळाचे, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणारे, नऊ गुण आहेत. त्यातला एकच घ्या, समजा सहनशीलता, आणि नेमका प्रसंग लिहा: जानेवारीत आईने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की आवाज चढायचा, नोव्हेंबरमध्ये शांतपणे उत्तर देता आलं. प्रसंग सापडला नाही तर पान कोरं ठेवा, ओढूनताणून भरू नका. कोरडे महिने मात्र लपवू नका; स्तोत्रांमध्येही विलाप भरपूर आहे.

पुढच्या वर्षासाठी दहा संकल्प नकोत. एकच, तोही वेळेसकट: रोज सकाळी दहा मिनिटं, मार्काच्या शुभवर्तमानातला एक परिच्छेद. सोळाच अध्याय आहेत, घाई करू नका.