५१ टक्के कुणाचे?

दक्षिण आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्यांना मी कंपनी कायद्याचा सल्ला देते. तिथल्या कर्तबगार बायकांवरचे मेसेज फिरू लागले की माझ्याकडे त्याच शंका नव्याने येतात. त्यांतल्या काही इथे घेते.

थुली मॅडोन्सेला न्यायाधीश होत्या ना? त्यांनी राष्ट्राध्यक्ष झुमांना शिक्षा दिल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. (सोलापूर)

नाही. २००९ ते २०१६ त्या ‘पब्लिक प्रोटेक्टर’ होत्या, साधारण आपल्या लोकायुक्तांसारखं पद. एनकांडला इथल्या झुमांच्या खासगी घरावर झालेल्या सरकारी खर्चाची त्यांनी चौकशी केली. त्यांचे आदेश बंधनकारक असल्याचा निकाल संविधान न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये दिला आणि झुमांना सुमारे ७८ लाख रँड भरावे लागले. म्हणजे वसुली झाली, शिक्षा नव्हे.

नवी पिल्लै भारतातून तिकडे गेल्या का? (ठाणे)

नाही हो. संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त पिल्लै तिथल्याच. जन्म डर्बनचा, १९४१ चा, वडील बसचालक. कुठली फर्म नोकरी देईना म्हणून त्यांनी १९६७ मध्ये स्वतःची वकिली सुरू केली.

भाची २०१७ पासून जोहान्सबर्गला आहे. तिच्या नावाने कंपनी काढली तर ‘काळ्या स्त्रीची मालकी’ म्हणून बीईईचे गुण मिळतील, असं एजंट सांगतो. (पुणे)

बीईई म्हणजे वर्णभेदात डावललेल्यांना धंद्यात वाटा मिळावा म्हणून केलेली तिथली सरकारी व्यवस्था; तिचे गुण कंपनीला सरकारी कंत्राटं मिळवताना कामी येतात. एजंटाने अर्धंच सांगितलं. कायद्यातल्या ‘काळे’ या व्याख्येत भारतीय वंशाचे लोक येतात, पण जन्माने किंवा वंशाने तिथले नागरिक असलेले, नाहीतर ढोबळमानाने २७ एप्रिल १९९४ च्या आधी नागरिकत्व मिळालेले. भाची बसत नाही. अ‍ॅबसा बँक दहा वर्षं चालवणाऱ्या, लिस्बनमध्ये जन्मलेल्या मारिया रामोससुद्धा बसत नाहीत. वजन वेगळं, गुण वेगळे. फी दिली असेल तर परत मागा.

डर्बनचा भागीदार म्हणतो, ५१ टक्के शेअर त्याच्या ऑफिसातल्या बाईंच्या नावावर टाकू, कागदापुरते. सगळेच करतात. अडचण नाही ना? (नाशिक)

आहे, आणि मोठी आहे. याला तिथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात. २०१३ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरला: माणसाला दहा वर्षांपर्यंत कैद, कंपनीला वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड, आणि दोषी ठरल्यास दहा वर्षं सरकारी कंत्राटं बंद. ‘सगळेच करतात’ हे मी आपल्याकडच्या सरपंचपतींच्या तोंडूनही ऐकलंय. बाई खुर्चीत आणि शिक्का नवऱ्याच्या खिशात. तपासायचं तर हेच तपासतात. बँकेत सहीचा अधिकार बाईंना आहे का? लाभांश त्यांच्याकडे राहतो की ‘व्यवस्थापन शुल्क’ म्हणून फिरून परत येतो? बैठकीत त्या कधी ‘नाही’ म्हणाल्यात का? माझ्याकडे आलेल्या एका फायलीत शेअर चहापाणी बघणाऱ्या बाईंच्या नावावर होते. आपण भागधारक आहोत हे त्यांना तपासणीच्या दिवशी कळलं!

खऱ्या मालकिणींचा तिथे दुष्काळ नाही. लुइसा मोजेला, ग्लोरिया सेरोबे आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९९४ मध्ये पाच लाख रँडवर ‘विपहोल्ड’ ही गुंतवणूक कंपनी उभी केली. १९९९ मध्ये ती जोहान्सबर्गच्या शेअर बाजारात पोचली. खाणधंद्यात ब्रिजेट राडेबे आहेत. पण अशा बाईला भागीदार करायचं तर नफा वाटावा लागतो, वर तिचं ऐकावंही लागतं. लोकांना नेमकं तेवढंच नको असतं. करार तिथल्या वकिलाला दाखवा. भागीदाराच्या नव्हे, तुमच्या. सही झाली असेल तर आजच दाखवा.

बहिणीचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. ‘शंभर प्रभावशाली महिलां’त निवड झाली, नोंदणी शुल्क पाठवा, असा तिकडून मेल आलाय. (वाशी)

शुल्क मागितलं म्हणजे निवड नव्हे, विक्री. पाठवू नका. कार्डाचा नंबर देऊन बसली असेल तर आधी बँकेला फोन करा, मग मला लिहा.

तिथला महिला दिन ८ मार्चला का नसतो? (कोल्हापूर)

९ ऑगस्ट १९५६ ला सुमारे २० हजार स्त्रियांनी पासच्या कायद्याविरुद्ध (काळ्या लोकांना फिरण्यासाठी जवळ बाळगावा लागणारा परवाना म्हणजे पास) प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जवर, म्हणजे सरकारच्या मुख्यालयावर, मोर्चा नेला. लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स पुढे होत्या. म्हणून ९ ऑगस्ट. सार्वजनिक सुट्टी असते, बँका बंद. मालाची कागदपत्रं त्याआधी पोचवा. दरवर्षी कुणीतरी १० तारखेला रडत फोन करतं.