वडाला अकाडामाच हवा का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्याकडे वडाचा बोन्साय आहे, नर्सरीतली लाल माती आणि शेणखत घालून ट्रेमध्ये लावलाय. पाणी घातलं की वर तळं साचतं, आता पानं पिवळी पडून गळतायत. ऑनलाइन सगळे अकाडामा घ्या म्हणतात पण तो परवडत नाही. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर: अकाडामा नका घेऊ. ती जपानच्या कांतो भागातली ज्वालामुखीच्या राखेची माती, तिथल्या लोकांना जवळ मिळते. दाण्याने पाणी धरायचं आणि दोन दाण्यांमधून हवा खेळायची, हे काम आपली भाजलेली वीटही छान करते.

तुमच्या झाडाची मुळं गुदमरलीत. भोक कितीही मोठं असलं तरी तळाशी मातीचा एक थर ओलागच्च राहतोच, आणि माती जेवढी बारीक तेवढा तो जाड. खोल कुंडीत खपून जातं, पण ट्रेची उंचीच दोन इंच, मग सगळी मुळं चिखलात.

वीटभट्टीवर तुटक्या विटा मागा. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज आला तरच घ्या, तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी बोटांत चोळून बघा, गाळ झाला तर ती कच्ची वीट, परत चिखलच होणार. पाडकामाच्या विटा फुकट मिळतात पण त्यांना सिमेंट-चुना चिकटलेला असतो, त्या नकोच. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. काळी माती तर अजिबात नको, ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडून मुळं तुटतात.

आता चाळणं, हे टाळू नका हो! २ ते ५ मिलिमीटरचा दाणा ठेवायचा, खालची पूड टाकून द्यायची. मी सुरुवातीला कंटाळा केला आणि त्यात माझा एक उंबर गेला, अजून हळहळ वाटते. मग ५ भाग वीट, ३ भाग क्रशरवरची धुतलेली बारीक खडी, २ भाग चाळलेलं पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत. कोकणात कोणी करत असेल तर खत १ भागच घाला, तिथला पाऊस बघता.

ऐन थंडी नसेल तर लगेच बदला, कुजलेली काळी मुळं कापून टाका, दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा आणि नवी पालवी येईपर्यंत वरून कसलंही खत देऊ नका.